स्वांटे आऱ्हेनियस

जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीची शाळा असो किंवा सातासमुद्रांपलीकडील एखादे विद्यापीठ असो, चिमूटभर मीठ पाण्यात टाकले की ते विरघळते आणि दिसेनासे होते. ही गोष्ट घरोघरी रोज घडते. परंतु विरघळलेल्या मिठाचे पुढे काय होते, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. त्या मिठापासून सोडियमचे व क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युत्प्रभार असलेले कण, पाण्यात सुटे होतात, हे आज शाळेतील मुलेही सांगतात. मात्र हा विचार ठामपणे मांडणाऱ्या तरुणाला प्रथम उपेक्षाच सोसावी लागली. त्या तरुणाचे नाव स्वांटे आऱ्हेनियस.

आऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडन देशात, उप्सालाजवळील व्हीक येथे १९ फेब्रुवारी १८५९ रोजी झाला. त्यांचे वडील जमिनीची मोजणी व देखरेख करणारे अधिकारी होते. बाळ स्वांटे तिसऱ्या वर्षीच आपला आपण वाचावयास शिकला. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता त्याला आकड्यांची विलक्षण गोडी लागली. १८७६ साली शालेय शिक्षण संपवून त्याने उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. पण तेथील शिक्षणाने समाधान होईना, म्हणून १८८१ साली तो स्टॉकहोमला एडलुंड या पदार्थविज्ञानवेत्त्याकडे गेला.

कोरड्या मिठातून वीज वाहत नाही; शुद्ध पाण्यातूनही ती नाममात्रच वाहते. परंतु मिठाच्या पाण्यातून मात्र ती सहज वाहते. असे का व्हावे? आऱ्हेनियस यांनी अनेक पदार्थांची द्रावणे तयार करून त्यांची वीज वाहून नेण्याची शक्ती चिकाटीने मोजली. द्रावणात पाणी वाढवीत गेले, की त्यातील तेवढ्याच क्षाराची ही शक्ती वाढत जाते, असे त्यांना दिसले. यावरून विरघळलेल्या क्षाराचा काही भाग क्रियाशील असतो व पाणी वाढेल तसा तो भाग वाढतो, असे अनुमान त्यांनी काढले.

१८८४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी आपला प्रबंध उप्साला विद्यापीठाला सादर केला. क्लेव्हे यांच्यासारख्या नामांकित प्राध्यापकांना त्यातील विचार पटले नाहीत. प्रबंध कसाबसा मान्य झाला. पण त्याला इतकी खालची श्रेणी मिळाली, की विद्यापीठात अध्यापक होण्याची आशाच मावळली.

आऱ्हेनियस खचले नाहीत, की कोणाशी भांडत बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशांतील शास्त्रज्ञांकडे पाठविल्या. रीगा येथील ओस्टवाल्ड यांनी त्याचे मोल ओळखले आणि ते स्वतः उप्सालाला येऊन या तरुणास भेटले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून आऱ्हेनियस यांनी ओस्टवाल्ड, व्हांट हॉफ इत्यादी पंडितांकडे काम केले. १८८७ साली त्यांनी आपला सिद्धांत स्पष्ट केला: तो क्रियाशील भाग म्हणजेच सुटे झालेले आयन होत, ते विजेमुळे निर्माण होत नाहीत, क्षार विरघळताच सुटे होतात.

यावर एक आक्षेप निघाला. सोडियम धातू पाण्यात पडताच पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. मग मिठाच्या पाण्यात ते दोन्ही मुकाट्याने कसे राहतील? याचे उत्तर असे, की प्रभार असलेला आयन आणि प्रभारहित अणू यांचे गुणधर्म अगदी भिन्न असतात. शिवाय एक भक्कम पुरावाही होता. द्रावणाचा गोठणबिंदू किती खाली उतरेल, हे त्यातील कणांच्या संख्येवर अवलंबून असते. साखरेच्या व मिठाच्या विरल द्रावणांत दोहोंचे प्रमाण सारखे धरले, तर मिठामुळे हा बिंदू जवळजवळ दुप्पट उतरतो. कारण मिठाच्या प्रत्येक जोडीपासून दोन कण होतात.

१९०३ साली आऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश गृहस्थ होत. ज्या क्लेव्हे यांना पूर्वी त्यांचे विचार पटले नव्हते, तेच त्या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी आऱ्हेनियस यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच ज्ञान आणखी पुढे गेले. मिठाच्या कोरड्या स्फटिकातही आयनच असतात आणि पाणी त्यांना केवळ विलग करते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने कळून आले. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो व विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने आयनिक बंध तयार होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ कोसेल यांनी १९१६ साली उलगडून दाखविले. अशा रीतीने आऱ्हेनियस यांच्या विचारातही दुरुस्ती झाली. विज्ञानात परीक्षकाने दिलेली श्रेणी अखेरची नसते, तसाच विजेत्याचा सिद्धांतही अखेरचा नसतो. दोहोंचा निवाडा प्रयोगच करतो.