क्षमेचे सामर्थ्य

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहरी १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्या काळी तेथे गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, इतकेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याचे नळही वेगळे असत. मार्टिन सहा वर्षांचे असताना त्यांच्या एका गोऱ्या सवंगड्याच्या आईबापांनी दोघांचे खेळणे बंद केले. केवळ वर्णामुळे मैत्री तुटली, हे कळताच त्या बालमनात गोऱ्यांविषयी द्वेष पेटला. द्वेष करू नये, प्रेम करणे हेच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, असे आईवडील समजावीत. परंतु द्वेष करणाऱ्यांवर प्रेम कसे करावे, हा प्रश्न त्यांना पुष्कळ वर्षे छळीत राहिला.

उच्च शिक्षण घेऊन ते १९५४ साली माँटगोमेरी शहरी धर्मोपदेशक झाले. तेथील बसगाड्यांत कृष्णवर्णीयांना मागे बसावे लागे आणि गोऱ्या उतारूंसाठी जागा सोडून उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या स्त्रीने उठण्यास नकार दिला. तिला अटक झाली. तेव्हा कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला व त्या लढ्याचे नेतृत्व किंग यांच्याकडे सोपविले. हजारो स्त्रीपुरुष रोज मैलोन्‌मैल पायी चालू लागले.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बाँब पडला. घरात पत्नी कोरेटा व अवघ्या दहा आठवड्यांची मुलगी होती. किंग धावतच घरी आले. ओसरी मोडली होती, खिडक्यांच्या काचांचा चुरा झाला होता. परंतु सुदैवाने दोघी सुखरूप होत्या. अंगणात मात्र शेकडो कृष्णवर्णीय संतापाने खवळून उभे होते. कित्येकांच्या हाती शस्त्रे होती. किंग यांच्या तोंडून एकच कठोर शब्द निघता, तर त्या रात्री शहरात रक्ताचे पाट वाहिले असते. मोडलेल्या ओसरीवर उभे राहून त्यांनी हात वर केला. शस्त्रे घेऊन आलेल्यांनी ती घरी परत न्यावीत, गोऱ्या बांधवांनी कसेही वागविले तरी त्यांच्यावर प्रेमच करावे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हळूहळू जमाव पांगला. लहानपणीच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या आचरणाने दिले होते.

हा संयम त्यांना सहजासहजी लाभला नव्हता. घराच्या रक्षणासाठी त्यांनीही पिस्तूल बाळगले होते. परंतु इतरांना शस्त्र टाकावयास सांगणाऱ्याने स्वतः ते जवळ ठेवणे योग्य नव्हे, असे मनाशी ठरवून त्यांनी ते दूर केले.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसगाड्यांतील भेदभाव संपला. २१ डिसेंबर १९५६ रोजी किंग बसमध्ये एका गोऱ्या धर्मोपदेशकाशेजारी बसले. विजयाचा तोरा कोणी मिरवू नये, अशी त्यांनी आपल्या अनुयायांना आधीच ताकीद दिली होती.

१९५८ साली एका मनोरुग्ण स्त्रीने त्यांच्या छातीत धारदार शस्त्र खुपसले. ते मरता मरता वाचले. तरीही तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत, अशी त्यांनी इच्छा व्यक्त केली. प्रेमाची प्रेरणा त्यांना ख्रिस्ताकडून मिळाली, तर लढ्याची रीत महात्मा गांधींकडून. म्हणून १९५९ साली ते भारतात आले आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले.

१९६४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती सर्व रक्कम त्यांनी चळवळीस अर्पण केली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरी एका मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते सफाई कामगारांच्या न्याय्य हक्कांसाठी तेथे गेले होते. अन्यायापुढे ते कधी वाकले नाहीत. अन्याय करणाऱ्याचा द्वेषही त्यांनी कधी मनात ठेवला नाही.