स्तुतीचें वेतन
(पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांतून)

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत दरवर्षीं हंगामाची उपकारस्तुति होते. पाऊस वेळेवर पडला असला म्हणजे देवळांत ज्वारीचीं कणसें, भोपळे, कोंबडीं यांची रीघ लागते आणि गायनाचा आवाज वेशीपर्यंत जातो. पाऊस ओढ देतो त्या वर्षीं मात्र आम्हीं गीत सांगितलें तरी सतरंजीवरून आवाज उठत नाहीं. अशाच एका वर्षीं उपासना आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस विचारलें कीं, यंदा देवाची स्तुति कशाबद्दल करावयाची? त्या वेळीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं. पुढें पंडिता रमाबाईंचें चरित्र पुन्हां वाचीत असतां तो प्रश्न आठवला. म्हणून त्या चरित्राची ही एकच बाजू आज वाचकांपुढें ठेवितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनीं लोकापवाद सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें रमाबाईंस. पुढें सर्व द्रव्य संपल्यावर हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसावें, पोथी सोडावी, पुराण वाचावें. ऐकणारांनीं फुलें, फळें, धान्य व चार पैसे पुढें ठेवावे, अशी पुराणिकांची रीत असे. देवाचें गुणवर्णन हाच त्यांचा धर्म होता, आणि तीच त्यांची भाकरीहि होती. यांत लबाडी मुळींच नव्हती. पाठ, जप व उपवास केले असतां देव प्रसन्न होईल व आपलें दैन्य हरेल, असा त्यांचा मनापासून विश्वास होता.

मग मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडीं गेलीं, शेवटचा दाणा गेला. मजुरी करण्याची संवय नव्हती व भीक मागण्याची लाज वाटे. पाठ व उपवास चालूच होते, परंतु वरून उत्तर येईना. अकरा दिवस त्यांनीं रानांतील पाला व पाणी यांवर काढले. १८७४ सालीं अनंतशास्त्री वारले. आपल्या धाकट्या लेकीस देवाच्या हातीं सोंपवून व जन्मभर त्याचीच सेवा करण्यास सांगून ते गेले. थोड्याच दिवसांत आई गेली, पुढें थोरली बहीणहि गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हे दोघे अनवाणी हिंडत राहिले. पोथी मुखोद्गत होती, पण ती म्हटल्यानें कांहीं मिळतें हा विश्वास मात्र मेला होता.

हें वाचून कोणीं त्या पुराणिकास हंसूं नये. गीत गाइलें म्हणजे पाऊस पडेल, आणि पाऊस न पडल्यास गीत बंद, हाच हिशेब आमच्या मंडळ्यांतहि चालतो. पोथी तेवढी निराळी.

मधल्या काळांतील गोष्टी पुष्कळांस ठाऊक आहेत. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांचा गौरव केला; १८८० सालीं बंधु वारले व त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला; १८८२ सालीं वैधव्य आलें. तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या व येथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. तेथें २९ सप्टेंबर रोजीं वांटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकण्याचा मनोदय होता, पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो सोडावा लागला. पुढें अमेरिकेंत साह्य मिळवून त्यांनीं मार्च १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन उघडलें आणि १८९० सालीं तें पुण्यास आणिलें.

पुण्यांतील त्या वर्षांवर आम्ही थोडें थांबतों. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षें लोटल्यावर रमाबाईंस असें दिसून आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण स्वतः ख्रिस्त अजून मिळालेला नाहीं. आपल्या पुण्याईनें कांहीं मिळवावयाचें उरलेलें नाहीं, जें हवें तें अगोदरच फुकट दिलेलें आहे, हें त्यांस तेव्हां उमगलें. आणि त्या आनंदाची साक्ष त्यांनीं पुढें लिहून ठेविली. बाळपणीं स्तुति आधीं व दान मागून अशी रीत होती. आतां दान आधीं आलें होतें, स्तुति मागून येत होती.

त्या आपल्या खोलींत शास्त्र वाचून प्रार्थना करीत आणि दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. यावरून १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील, असें ठरलें होतें; त्या भरंवशावर लोकांनीं आपल्या लेकी तेथें ठेविल्या होत्या. तेव्हां त्यांचा राग अगदींच निराधार होता असें आमच्यानें म्हणवत नाहीं. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मीं कोणावर सक्ति केलेली नाहीं. परंतु स्वतःच्या घरांत प्रार्थना करितांना दाराला कडी घालणार नाहीं. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, केसरींतून कडक टीका झाली, आणि पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या. ज्या बाईंच्या घरीं एके काळीं स्तवनामुळें पैसे येत, त्यांचे आधार आतां स्तवनामुळें जात होते. पण दार उघडेंच राहिलें.

१८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. उपास म्हणजे काय हें त्यांस कोणीं सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं वांचवून आणिल्या. पुण्यांत प्लेग असल्यानें इतकीं माणसें शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. म्हणून केडगांव येथें आधीं घेतलेल्या शेतावर राहुट्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतूनच मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

जून १९०५ मध्यें तेथें मोठी जागृति झाली. शेंकडों मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करीत, रडत, आणि मग हर्षानें गात. या गलबल्याबद्दल कित्येक मिशनरींनीं नापसंति दर्शविली. आम्हांसहि उपासनेंत गोंगाट फारसा रुचत नाहीं, हें कबूल करितों. रमाबाईंनीं मात्र या मुलींस आपल्या रीतीनें देवापुढें येऊं द्यावें, असाच पक्ष धरिला. दुष्काळांत आईबाप गमावलेल्या पोरी त्या. त्यांनीं किती हळू गावें हें ठरविणारे आम्ही कोण?

शेवटचीं वर्षें पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत गेलीं. अशिक्षित बायकांस कळेल अशा सोप्या मराठींत तें व्हावें, म्हणून त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. छपाईचें काम मुक्तींतील स्त्रियाच करीत. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई मिरजेस वारल्या. मुक्तीचा भार जिनें उचलावयाचा, ती एकुलती एक लेक आईच्या आधीं गेली. त्यानंतरहि रमाबाईंचें काम थांबलें नाहीं. दुखणें असतांहि त्या मुद्रितें तपाशीत राहिल्या. नऊ महिनेहि पुरे झाले नाहींत तों ५ एप्रिल १९२२ रोजीं त्याहि प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

यंदाहि आमच्याकडे पाऊस ओढ देऊन आहे. येत्या रविवारीं प्रवचनाच्या ऐवजीं हेंच चरित्र वाचून दाखवावें, असा आमचा विचार आहे. तो शेतकरी आतां फार थकला आहे. कोणीं बैलगाडी दिली तर तोहि येईल.