कपडेपटातील अस्मिता

त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये आफ्रिका म्हणजे गवताचे घागरे आणि अंगाला फासलेले काजळ, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता. 1957 साली जॉर्ज बेली यांनी आफ्रिकेचे राजे व योद्धे वैभवानिशी रस्त्यावर आणले आणि त्या संकेताला तडा दिला. पूर्वजांना कोणत्या वेशात पाहावयाचे, हा स्वाभिमानाचाच प्रश्न असतो. कोल्हापुरात त्याचे उत्तर एका कारागिराच्या मुलाने फार पूर्वीच शोधले होते.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबुराव पेंटर, यांचा जन्म 1890 चा. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा दोघांचा ध्यास. परंतु 1916 मध्ये आनंदराव निवर्तले आणि ते काम बाबुरावांनी दामले यांच्या साथीने तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये झळकला, ‘सिंहगड’ 1923 मध्ये. प्रत्येक पात्राचा पोशाख व आविर्भाव ते आधी कागदावर रेखाटीत, मगच चित्रीकरण करीत. त्यामुळे पडद्यावरील मावळा भाड्याच्या झगमगाटात हरवला नाही.

दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्यांचेच सहकारी. 1929 मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभारली. बाबुराव 1954 मध्ये निवर्तले. दिग्दर्शकांची चरित्रे आपण लिहितो. कपडेपटाची नोंद मात्र क्वचितच ठेवतो. ज्या रेखाटनांनी मराठी मनाला आपला इतिहास दाखविला, त्यांचे जतन हे कोल्हापूरचे ऋण आहे आणि ते पुतळ्यांनी फिटणारे नाही.