आजचे चिंतन : धीर आणि उत्साह
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६)

आजच्या श्लोकात भगवंत सात्त्विक कर्त्याच्या खुणा सांगतात. त्याला आसक्ती नसते, त्याच्या बोलण्यात मीपणा नसतो, धीर आणि उत्साह दोन्ही त्याच्या अंगी असतात, आणि काम फळलं काय, फसलं काय, तो डगमगत नाही. वाचायला सोपं आहे हो, पण असा माणूस बघायचा कुठे? मला आठवतात ते धोंडो केशव कर्वे. पुण्यात त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. बालपण मुरुडला गेलं. घराण्याचे बरे दिवस केव्हाच सरलेले. वडील परगावी तुटपुंज्या पगारावर नोकरी करायचे आणि घर जेमतेम चालायचं. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्याला पायी निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, त्यात सह्याद्रीचा घाट. एवढं करून पोचला, तर वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! पाय सुजवून आलेल्या पोराला तसंच माघारी फिरावं लागलं.

श्लोकातली धृती इथे दिसते. तो घरी रुसून बसला नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि पास झाला. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडलं, तेव्हा वय तेवीस. मग मुंबईत शिकवण्या करत एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन पदवी मिळवली. बरोबरीचे कितीतरी जण पुढे निघून गेले असतील. पण उशीर झाला म्हणून वाट सोडायची नसते, हे त्यांना कळलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो, आणि बहुतेक वेळा इथेच थांबतो. कष्ट कर, शिक, म्हणजे चांगली नोकरी लागेल, असा तिचा अर्थ लावतो. माझ्या मते श्लोकाचा खरा अर्थ यापुढे सुरू होतो.

१८९१ साली अण्णा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गरिबी मागे पडली, मान मिळाला. आता निवांत बसता आलं असतं. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं ठरवून १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. ज्या मुरुडसाठी ते मुंबईत असल्यापासून आपल्या मिळकतीतला वाटा बाजूला काढत होते, त्याच गावाने बहिष्कार घातला. घरच्या माणसांनाही त्याची झळ बसली. परक्याने दार बंद केलं तर सोसवतं. आपल्या गावाने केलं की आत कुठेतरी तुटतं. तरी त्यांनी गावाचा द्वेष धरला नाही आणि काम थांबवलं नाही.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला, एका साध्या झोपडीत. आज कर्वेनगर म्हणजे गजबजलेली वस्ती, पण तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. साताऱ्याच्या वाटेवर चाललेले पाय आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी चालत होते. १९०८ साली त्यांनी कार्यकर्त्यांची एक संस्था उभी केली आणि तिचं नाव ठेवलं निष्काम कर्म मठ. गीतेतला शब्द त्यांनी नुसता वाचला नाही, दारावर लावला आणि त्याप्रमाणे वागले.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कॉलेजच्या वर्गात मुली होत्या फक्त पाच. अण्णांचं वय अठ्ठावन्न. पाच मुलींचं विद्यापीठ म्हणून कोणी हसलंही असेल. उत्साह म्हणतात तो हाच, पाचांसाठीही पूर्ण मनाने उभं राहायचं. पुढे १९३६ साली, अठ्ठ्याहत्तरीला, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी नवं मंडळ काढलं आणि पुन्हा वर्गणी मागत फिरू लागले. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यातच त्यांनी देह ठेवला.

मंडळी, गरिबीतून वर आलेली माणसं पुष्कळ असतात. वर आल्यावर मागे वळून, जे अजून दाराबाहेर उभे आहेत त्यांच्यासाठी दार उघडणारी थोडी. गरिबी सोसली म्हणून माणूस आपोआप दयाळू होत नाही, कधीकधी कठोरही होतो. ते सोसणं भगवंताच्या कामी लावायचं की मनात साठवून ठेवायचं, हे आपल्या हातात आहे.

आजचा संकल्प : एकदा नकार मिळाला म्हणून सोडून दिलेलं एखादं चांगलं काम आज पुन्हा हाती घेऊ. आणि आपल्याला जे कष्टाने मिळालं, त्यातलं थोडं ज्याला अजून मिळालेलं नाही त्याच्यासाठी वेगळं काढू. एखाद्या मुलाची फी असेल, किंवा आठवड्यातला एक तास शिकवणं असेल. फळाचं काय करायचं ते तो बघेल.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।