नारायण मेघाजी लोखंडे : रविवारच्या सुट्टीपलीकडे

सत्यशोधक चळवळीने महाराष्ट्राला जी कर्ती माणसे दिली, त्यांत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे. पाठ्यपुस्तकात मात्र त्यांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते आणि तेही रविवारच्या सुट्टीपुरते. वसतिगृहातील मुलांना हे वाक्य लगेच पाठ होते, यात नवल नाही! परंतु इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी वाटत आले आहे, की लोखंडे यांची सर्वांत दूरदृष्टीची मागणी सुट्टीची नव्हतीच. कामावर हात किंवा पाय गमावलेल्या मजुराच्या चुलीचे काय, हा प्रश्न त्यांनी सरकारदरबारी मांडला, तेव्हा या देशात तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरीच त्यांचे खरे विद्यापीठ ठरली. आमच्या वऱ्हाडाच्या कापसाचे जिथे सूत होई, त्या गिरण्यांत कोकण-देशावरून आलेली माणसे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. आठवड्याची सुट्टी नाही, पगाराचा नेम नाही. जोतीराव फुले यांच्या सहवासात घडलेल्या या तरुणाने १८८० साली 'दीनबंधु' पत्राची धुरा खांद्यावर घेतली. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले हे पत्र लोखंडे यांच्या हाती आल्यावर गिरणी कामगारांची कैफियत मांडू लागले.

गिरणीतला अपघात म्हणजे काय, हे आज जिनिंगमध्ये काम केलेल्या आमच्या पालकांना वेगळे सांगावे लागणार नाही. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा अडकला, की माणूस ओढला जाई. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्यास सांगितले, मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले. पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता, हंगामी कारखाने त्यातून सुटले होते आणि जखमी झालेल्याला एक पैही देण्याचे बंधन त्यात नव्हते. त्या काळच्या इंग्रजी न्यायाची रीतही अशी, की मालकाची चूक मजुरानेच सिद्ध करावी. चूक सोबतच्या कामगाराची निघाली, तर मालक मोकळा. शिवाय धोका ठाऊक असून काम पत्करले, म्हणजे तो मान्यच केला, असे धरले जाई. एक हात गेलेल्या, निरक्षर माणसाने असा खटला कसा लढवावा?

मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली. तेथे ठरलेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, या मागण्या त्यात होत्या. शेवटची मागणी मात्र वेगळ्या जातीची होती. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा पंगू झाला, तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, असे तीत म्हटले होते. त्यात मालकाची चूक दाखविण्याची अट नव्हती, आणि दयेची याचनाही नव्हती. योगायोग असा, की जर्मनीचा अपघात-विम्याचा कायदा याच १८८४ सालचा. तिथे तो राज्यकर्त्यांनी वरून आणला. इथे ती मागणी परळच्या मजुरांतून वर आली.

या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला काही इतिहासकार कामगार संघटना मानत नाहीत, कारण तिला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता. आम्हांस हा आक्षेप कोरडा वाटतो. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या. नोंदवही नसताना हे घडले! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती आली, स्त्रियांचे तास अकरावर आले. अपंग कामगाराच्या निर्वाहाचा मात्र त्यात मागमूस नव्हता.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांना त्यांनी उभे केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लीम दंगलीत ते शांततेसाठी झटले. १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी मिळाली. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णांच्या शुश्रूषेत असतानाच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाईही याच साथीत गेल्या.

त्याच १८९७ साली इंग्लंडने कामगार भरपाईचा कायदा केला. भारतात तो यावयास १९२३ उजाडले आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. परळच्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. पुढे जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या कारकिर्दीत प्रा. अदारकर यांच्याकडून आरोग्य विम्याची योजना तयार झाली, आणि तिच्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. ज्या निर्वाहाची तजवीज लोखंडे यांनी मागितली होती, तिला अशी खात्रीची व्यवस्था लाभू लागली.

चांदूर बाजार परिसरात थ्रेशरमध्ये हात गेला, किंवा बांधकामावरून माणूस पडला, की आजही बहुधा दवाखान्यातच काही रोख हातावर ठेवून प्रकरण मिटविले जाते. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की यंत्राने होणाऱ्या शेतीकामातील मजूरही कामगार भरपाईच्या तरतुदींच्या कक्षेत येतो. ठेकेदाराचा माणूस असला, तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. दावा साधारणतः दोन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा लागतो. आणि कामगाराचा मृत्यू झाला असेल, तर भरपाईची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातावर परस्पर ठेवलेले पैसे कायद्याने भरपाई म्हणून धरले जात नाहीत.