लग्नाची पैज लावून पुरुष मल्लांशी भिडणारी हमीदा बानू

धाराशिव : आता जत्रेच्या फडात पोरींच्या कुस्त्या लागल्या तर कुणाला नवल वाटत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी एक बाई थेट गडीमाणसांनाच आव्हान देत फिरत होती. हमीदा बानू तिचं नाव. ४ मे २०२४ रोजी गुगलने तिचं चित्र लावलं, तेव्हा मोबाईलवर अनेकांना हे नाव पहिल्यांदा दिसलं.

हमीदा मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. तिथल्या पैलवानांना बाईनं आखाड्यात उतरणं पटेना, म्हणून ती अलीगडला सलाम पैलवानाकडं तालमीला गेली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. खुराक तर विचारूच नका. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, ६ अंडी, अर्धा किलो लोणी, वर बदाम अन् बिर्याणी, असं त्यावेळच्या पेपरात छापून आलेलं. म्हणजे एका चांगल्या म्हशीचं सगळं दूध एकटीलाच! मेहनत ६ तास, झोप ९ तास.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं जाहीर केलं, की जो आपल्याला हरवील त्याच्याशी लग्न करू. मे महिन्यात बडोद्यात कुस्ती ठरली. छोटे गामा पैलवानानं बाईशी लढायला नकार दिला. मग बाबा पैलवान उतरला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाला. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तिनं मिनिटाच्या आत लोळवलं.

कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात मात्र वेगळंच घडलं. शोभा सिंग पंजाबीला तिनं हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. शेवटी पोलीस बोलवावे लागले. कुस्ती नुरा होती, असा लोकांचा आरोप. पुण्यात रामचंद्र साळुंखेशी ठरलेली कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळं रद्दच झाली. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता, पुणे-कोल्हापूर मुंबई राज्यात. हमीदानं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडं दाद मागितली. बंदी बाई म्हणून नाही, कुस्त्या भरवणारे डमी मल्ल उतरवतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असं उत्तर आलं. काही कुस्त्या खोट्या असतीलही. पण जी कुस्ती लागूच दिली नाही, तिचा खरेखोटेपणा कुणी तपासायचा?

पुढं तिनं युरोपात जाऊन लढायचं ठरवलं. ते सलाम पैलवानाला नको होतं. त्यानं मारहाण करून तिचे हात मोडले, असं घरचे सांगतात. त्यानंतर ती कुस्तीतून दिसेनाशीच झाली.

कल्याणमध्ये दूध विकून अन् थोड्याफार घरभाड्यावर तिनं दिवस काढले. तेही पुरेना तेव्हा रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली ती वारली.