मत वाया गेले, असे म्हणणाऱ्यांना

निवडणूक लागली की आमच्या कुरुंद्यात दोन प्रकारची माणसे हमखास वस्तीत येतात. एक सत्तेवरच्या पक्षाची, दुसरी सत्तेबाहेरच्या मोठ्या पक्षाची. दोघांचे झेंडे वेगळे, दोघांच्या गाड्या वेगळ्या. पण ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांजवळ टेकून दोघेही सांगतात ते एकच असते. तुमचा माणूस काही निवडून येत नाही, त्याला दिलेले मत वाया जाते, तेव्हा मत आम्हाला द्या. हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकत आहोत. आजोबा मान हलवतात, आणि आमच्या तरुण कार्यकर्त्यांनाही मनातल्या मनात वाटू लागते की हे खरेच असावे.

आम्ही मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसलो आहोत, मोजणीच्या टेबलाजवळ रात्री उभे राहिलो आहोत. आमच्या उमेदवाराला पडलेले मत मोजलेच गेले नाही, असे आम्हाला तेथे दिसले नाही. ते मोजले गेले, कागदावर आले, फक्त त्याने जागा मिळाली नाही. मत वाया जाणे आणि जागा न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्या महापुरुषाच्या आयुष्यात सर्वात स्पष्ट दिसतो, ते म्हणजे परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. परंतु मोठ्या पक्षांच्या गर्दीत स्वतःचा झेंडा घेऊन उभा राहिलेला आणि दोनदा पडलेला उमेदवार म्हणून आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. आज आम्हाला त्या उमेदवाराची कहाणी सांगायची आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एक विलक्षण निवडणूक झाली होती. माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट आपला पक्ष सोडून तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहिले. गादीवरच्या अध्यक्षांपेक्षाही त्यांना जास्त मते पडली, तरीही सत्तेची खुर्ची तिसऱ्याच माणसाला, वुड्रो विल्सन यांना, मिळाली. ज्या देशात माजी अध्यक्षालाही तिसरा झेंडा घेऊन जिंकता आले नाही, त्या देशात आमचा हा विद्यार्थी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकत होता.

परत आल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती मताची. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत असे मांडले. त्या काळी मत होते ते मालमत्ता असणाऱ्याला. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे मतही नव्हते. १९२७ पासून बाबासाहेब मुंबई विधिमंडळात बसले खरे, पण ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघ हाती आला आणि २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने तो गेला. राखीव जागांची संख्या वाढली, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवण्याची किल्ली सर्वांच्या मतपेटीत गेली. पुढची सारी लढाई या एका किल्लीची आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, कामगार होता. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेसाठी पक्षाने १७ उमेदवार दिले आणि त्यातले बहुसंख्य निवडून आले. समोर काँग्रेस होती, तिच्यामागे गांधींचे नाव होते, पैसा होता, वर्तमानपत्रे होती. खुद्द बाबासाहेबांसमोर काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. नवा पक्ष सहा महिन्यांत असा कसा जिंकला? कार्यकर्त्यांचे कष्ट होतेच. पण कायद्याचाही एक भाग होता, जो आम्हा वकिलांनी समाजाला समजावून सांगितला पाहिजे. त्या वेळी मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने थोडे असलेले लोक आपली मते एकवटू शकत होते. पद्धत योग्य असेल तर थोड्यांचाही माणूस निवडून येतो, हे १९३७ ने सिद्ध केले.

निवडून आल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९४६ च्या निवडणुकीत एका बाजूला काँग्रेस, दुसऱ्या बाजूला मुस्लिम लीग अशी देशाची वाटणी झाली होती. तिसऱ्याचे ऐकायला कोणाला सवड नव्हती. ज्या प्राथमिक फेरीत फक्त अस्पृश्य मतदार मत देत, त्या फेरीत फेडरेशनची माणसे पुढे असत. अंतिम फेरीत सर्वांचे मत पडले की तीच माणसे मागे पडत. परिणाम असा झाला की मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांना घटना समितीवर पाठवायला फेडरेशनचा आमदार उरला नाही. त्यांना बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नाने निवडून जावे लागले. फाळणीने तीही जागा गेली, तेव्हा १९४७ च्या जुलैत काँग्रेसला त्यांना मुंबईतून निवडून द्यावे लागले. ज्या पक्षाने त्यांच्यासाठी दार बंद केले होते, त्यालाच ते उघडावे लागले, कारण घटना लिहायला हा माणूस हवा होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल आणि इतर प्रश्नांवर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि चारच महिन्यांत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला उभे राहिले. आमच्या कुरुंद्याच्या दृष्टीने ही निवडणूक फार मोठी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे १९३७ आणि १९४६ च्या मुंबईतल्या मतदानाशी आमच्या आजोबांचा संबंध आला नाही. त्यांनी बाबासाहेबांच्या घटनेने दिलेले मत पहिल्यांदा हातात घेतले ते १९५२ साली.

मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. पण आता कायदा बदलला होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ ने मतदाराला दोन मते दिली, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर एकच मोजायचे, दुसरे बाद. १९३७ चे एकवटण्याचे हत्यार गेले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. चौदा हजारांच्या फरकाने घटनेचा शिल्पकार पडला. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली. कम्युनिस्ट उमेदवार डांगे यांच्या प्रचारात मत कुजवण्याचा सल्ला दिला गेला, अशी तक्रार बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. अर्ज फेटाळला गेला. चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्याबरोबर संप केला, त्यांच्याविरुद्ध हा अर्ज करावा लागला.

देशभर फेडरेशनचे फक्त दोन खासदार आले, सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि तेव्हाच्या आमच्याच हैदराबाद राज्यातल्या करीमनगरहून एम. आर. कृष्णा. हैदराबादच्या विधानसभेत मात्र फेडरेशनचे ५ आमदार बसले. ती मते वाया गेली होती काय?

मुंबईच्या आमदारांनी बाबासाहेबांना १९५२ मध्येच राज्यसभेवर पाठवले. बसायला जागा होती, प्रकृती ढासळत होती, मधुमेहाने पाय साथ देत नव्हते. तरीही १९५४ च्या मे महिन्यात ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, कारण त्यांना लोकांच्या मतावर लोकसभेत जायचे होते. येथेही दोन जागा, येथेही समाजवाद्यांशी समझोता. कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता कुजवावे. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या कायद्याखाली ही निवडणूक होत होती तो ते कायदामंत्री असताना संमत झालेला होता, आणि मताची नासाडी करायला ते आपल्या माणसाला सांगणार नव्हते. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. हिशेब सरळ आहे. मेहतांना मत देणाऱ्या अनेकांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही.

त्यानंतर अडीच वर्षांत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. पण हरलेल्या उमेदवाराने जाताजाता काय केले ते पाहावे. फेडरेशनचे कुंपण ओलांडून सर्व शोषितांसाठी रिपब्लिकन पक्षाची योजना आखली, जो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी उभा राहिला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढून दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले. दोन जागांचे मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

रिपब्लिकन हे नाव अमेरिकेतही आहे. तेथला रिपब्लिकन पक्ष १८५४ साली नवखा म्हणूनच निघाला आणि सहाच वर्षांत, चार उमेदवारांच्या लढतीत, चाळीस टक्क्यांच्या आसपास मतांवर अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले. त्यानंतर मात्र दोन मोठ्या पक्षांनी दार लावून घेतले. प्रत्येक राज्याचा नियम निराळा, मतपत्रिकेवर नाव यायला हजारो सह्या गोळा करा, आणि बहुतेक राज्यांत ज्याला सर्वात जास्त मते त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास दोन कोटी मते पडली, पण निवडणूक मंडळात एकही मत मिळाले नाही. २००० साली राल्फ नाडर यांच्यावर मते फोडल्याचा ठपका आला, जसा आमच्यावर येतो.

आमच्याकडे दार वेगळ्या प्रकारे लावलेले आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाला दहा लागतात. लोकसभेची अनामत २५ हजार रुपये, राखीव प्रवर्गाला निम्मी, आणि एक षष्ठांश मते नसतील तर ती जप्त. मोठ्या पक्षाचे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांत असते. आमचे चिन्ह मतदानाच्या पंधरा दिवस आधी मिळते आणि आजोबांना ते ओळखायला शिकवण्यातच प्रचार संपतो.

२०१९ साली आमच्या शेजारच्या नांदेडमध्ये काँग्रेसचा उमेदवार चाळीस हजारांनी पडला आणि वंचित बहुजन आघाडीला १ लाख ६६ हजार मते पडली. लगेच मतफोडीचा आरोप झाला. पण आमच्याच हिंगोली मतदारसंघात विजयी आणि पराभूत यांच्यातले अंतर पावणेतीन लाखांहून अधिक होते आणि वंचितची मते पावणेदोन लाखांच्या घरात होती. सगळी मिळवूनही हिशेब बसत नव्हता. तरीही दोष आम्हालाच! मोठा पक्ष हरला की त्याचे कारण आम्ही, आणि जिंकला की त्याचे श्रेय त्याचे. १९५४ च्या भंडाऱ्यात आमची मते मित्राला गेली आणि मित्राची पुरती आली नाहीत, त्याबद्दल मात्र कोणी कोणाला जाब विचारला नाही.

आणि दोष आमचाही आहे, हे आम्ही लपवणार नाही. बाबासाहेबांनी सर्वांसाठी आखलेल्या पक्षाचे आम्ही काही वर्षांतच गट केले. प्रत्येक गटाने आपला भाव वेगळा ठरवला. एक तिकीट, एक महामंडळ, यासाठी वस्तीच्या मतांचा सौदा झाला. मत खरे वाया जाते ते असे. पडलेल्या उमेदवाराला दिल्याने जात नाही, विकल्याने जाते.

बाबासाहेब थेट लोकांच्या मतावर एकदा जिंकले आणि दोनदा हरले. त्यांना मत देणारे ते १,२३,५७६ लोक मूर्ख होते असे म्हणायची आज कोणाची छाती आहे? काजरोळकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले, पण घराघरात फोटो कोणाचा आहे ते सांगायला नको.

पुढच्या वेळी ती माणसे कुरुंद्यात आली आणि ओट्यावर बसली की आजोबांनी त्यांना पाणी द्यावे, चहाही द्यावा. आणि एवढेच सांगावे की आमचे मत आम्ही मोजून घेऊ, त्याची काळजी तुम्ही करू नका.

जयभीम!